टाकी सोडून पाइपचा गॅस घ्यावा का? पाथर्डी फाट्यावरील एका घराचा अनुभव

नाशिकमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला ऊर्जेचा पुरवठादार बदलण्याची संधी फारशी मिळत नाही. वीज महावितरणचीच घ्यावी लागते. मुंबईच्या उपनगरांतील ग्राहकाला दोन कंपन्यांची दरपत्रके शेजारी ठेवून एकीकडून दुसरीकडे जाता येते, तशी सोय इथे नाही, आणि एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र शहराच्या उशाशी असले तरी त्यामुळे आपल्या बिलात काही फरक पडत नाही. छतावर सौर पॅनेल बसवण्याचा मार्ग आहे, २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानही मिळते. पण सदनिकाधारकाचे छत सगळ्यांचे असते आणि सगळ्यांचे छत म्हटले की विषय सर्वसाधारण सभेत अडकतो. राहता राहिला स्वयंपाकाचा गॅस. गेल्या काही वर्षांत शहरातील वसाहतींत इमारतींच्या भिंतींवर पिवळे पाइप चढू लागले आहेत, आणि त्यामुळे टाकी ठेवायची की पाइपचा गॅस घ्यायचा, हा एक प्रश्न तरी नाशिककरांच्या हातात आला आहे. आम्ही पाइपचा गॅस घेतला. तो कसा वाटला आणि कोणी घ्यावा, कोणी थांबावे, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

आधीच सांगतो की आमच्या इमारतीत राइझर, म्हणजे भिंतीवरून वर जाणारा मुख्य पाइप, वरच्या मजल्यापर्यंत गेल्यानंतरही बऱ्याच घरांनी जोडणी घेतलेली नाही, आणि त्यांची कारणे ऐकली तर ती सहज झटकून टाकण्यासारखी नाहीत. कोणाला नव्याने केलेला ओटा आणि ट्रॉल्या फोडायच्या नव्हत्या, कोणाचा भाडेकरू वर्षाच्या आत जाणार होता, तर कोणाचा सरळ सवाल होता की यात पैसे किती वाचतात. या शेवटच्या सवालापासून सुरुवात करणे बरे, कारण जाहिरातींत बचतीचा उल्लेख ठळक असतो आणि हिशेब मात्र कोणी मांडून दाखवत नाही.

अडचण अशी की टाकीतील गॅस किलोवर विकला जातो आणि पाइपमधील गॅस घनमीटरवर, त्यामुळे दोन्ही किमती शेजारी ठेवून काहीच कळत नाही. दोन्हींतून मिळणारी उष्णता पाहावी लागते. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात असतात आणि त्यांच्या एका किलोतून साधारण ११,९०० किलोकॅलरी उष्णता मिळते. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो आणि त्याच्या एका घनमीटरमधून सुमारे ९,५०० किलोकॅलरी मिळतात. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे एक टाकी साधारणपणे पावणेअठरा ते अठरा घनमीटर पाइपच्या गॅसच्या बरोबरीची झाली. तेव्हा ज्या दिवशी निर्णय घ्यायचा त्या दिवशीच्या टाकीच्या किमतीला अठराने भागावे आणि जे उत्तर येईल ते पाइपच्या गॅसच्या करासहित दराशी ताडून पाहावे. उदाहरणादाखल, एप्रिल २०२५ मध्ये टाकीमागे ५० रुपयांची वाढ झाली तेव्हा मुंबईत घरगुती टाकीची किंमत ८५२ रुपये ५० पैसे होती. भागाकार केला तर घनमीटरला ४८ रुपयांच्या आतबाहेर पडतात. त्याच सुमारास मुंबईत पाइपच्या गॅसचा घरगुती दर घनमीटरला ४९ रुपयांच्या आसपास होता. दोन्ही आकडे इतके जवळ असताना केवळ बचतीसाठी भिंतीला भोक पाडून घेण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे चित्र कायम असेच राहील असेही नाही. नैसर्गिक वायू वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे आणि त्यावरचा मूल्यवर्धित कर राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. घरगुती टाकीवर मात्र पाच टक्के वस्तू व सेवा कर आहेच. देशातील जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या वायूची किंमत एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या दराच्या दहा टक्के धरली जाते आणि तिला वरची मर्यादाही आहे. तो वायू वाटताना घरगुती स्वयंपाक आणि सीएनजी यांना प्राधान्य मिळते. तथापि हा स्वस्त वायू सगळ्यांना पुरत नाही आणि कमी पडेल तेवढा कंपन्यांना महाग दराने घ्यावा लागतो. दुसरीकडे, टाकीत भरला जाणारा गॅस देश निम्म्याहून अधिक आयात करतो, त्यामुळे त्याची किंमत परदेशातील बाजार आणि सरकारचा निर्णय या दोहोंच्या हाती असते. उद्या कोणता गॅस स्वस्त राहील हे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्री प्रतिनिधीचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि भागाकार आपणच करावा.

एका वर्गाला मात्र मी थांबायला सांगेन. ज्या घरातील जोडणी उज्ज्वला योजनेतील आहे त्यांना वर्षातील ठरावीक टाक्यांपर्यंत टाकीमागे ३०० रुपयांचे अनुदान मिळते. शिवाय २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतील पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत भरून मिळण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी गॅसची जोडणी घरातील महिलेच्या नावावर असावी लागते. या सवलती टाकीशी जोडलेल्या आहेत, पाइपशी नाहीत. अशा घरांनी वरच्या हिशेबात त्या धरल्या तर पाइपचा गॅस स्पष्टपणे महाग पडतो.

मग आम्ही तो का घेतला? आमच्या घरी आई सत्तरीच्या पुढची आहे आणि पत्नी व मी दोघेही दिवसभर बाहेर असतो. नंबर लावणे, मोबाइलवर आलेला डिलिव्हरी कोड आईला फोनवरून सांगणे, गाडीवाला येईल त्या वेळी कोणी तरी दार उघडायला घरी असणे, भरलेली टाकी ड्राय बाल्कनीतून ओट्याखाली सरकवणे, वॉशर नीट बसला की नाही ते पाहणे, ही सगळी कामे आमच्या घरात आईवर येऊन पडत होती. सणासुदीला पुरण शिजत असताना टाकी संपली की दुसरी लावण्यासाठी शेजारच्या भाऊंना हाक मारावी लागे. पाइपच्या गॅसने ही दगदग पूर्णपणे संपवली, आणि या सेवेतील सर्वांत मोठा गुण मला विचाराल तर हाच आहे. घनमीटरमागे रुपया इकडे किंवा तिकडे झाला तरी त्याने या गोष्टीचे मोल कमी होत नाही.

जोडणी घेताना काय होते ते जरा तपशिलाने सांगतो, कारण कागदावर हे काम फार सोपे दिसते. रस्त्याखालून येणारी प्लॅस्टिकची नळी इमारतीपाशी पोहोचते, तिथे दाब कमी करणारा रेग्युलेटर बसतो आणि पुढे लोखंडी पिवळा पाइप भिंतीला क्लॅम्पने धरून मजल्यामागून मजला वर जातो. आमच्याकडे तो ड्राय बाल्कनीच्या बाहेरून गेला. प्रत्येक घरासाठी त्यातून एक फाटा काढतात, भिंतीला यंत्राने गोल भोक पाडतात, मीटर बसवतात आणि मीटरपासून शेगडीपर्यंत पाइप आणून शेवटी एक झडप ठेवतात. झडपेपासून शेगडीपर्यंत मात्र रबरी नळीच असते, आणि तिची मुदत टाकीच्या नळीप्रमाणेच संपते, हे लोक विसरतात. पाइप कोणत्या मार्गाने येणार हे काम सुरू होण्याआधी ओट्यासमोर उभे राहून ठरवून घ्यावे. आमच्याकडे आलेल्या कारागिराने फरशीलगत पाइप नेण्याचा बेत केला होता. आईने त्याला थांबवून सांगितले, ‘‘दादा, तिथून नेलात तर ट्रॉली उघडणार नाही.’’ त्याने दोन्ही ट्रॉल्या ओढून पाहिल्या आणि पाइप खिडकीच्या चौकटीच्या वरून फिरवला. काम झाल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले जाते, आणि हे आपल्या डोळ्यांदेखत करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. आमच्याकडे तपासणी नीट झाली. भोकाभोवतीचे सिमेंट मात्र ठेकेदाराच्या माणसांनी अर्धवट भरले आणि ते आम्हालाच गवंड्याकडून पूर्ण करून घ्यावे लागले. पावसाळ्यापूर्वी हे केले नाही तर भिंतीला ओल धरते.

शेगडी तीच चालते, पण तिच्यातील जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलावे लागतात. टाकीचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस देतो आणि पाइपचा गॅस शेगडीला २१ मिलिबारच्या आसपास मिळतो. शिवाय त्याच्या तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी असते. म्हणून जास्त गॅस जाण्यासाठी जेटचे भोक मोठे करतात. हे काम ज्यांनी जोडणी दिली त्यांच्या माणसाकडूनच करून घ्यावे, कारण भोक कमी राहिले तर आच मंद लागते आणि जास्त झाले तर ज्योत पिवळी पडून भांडी काळी होतात. पाइपच्या गॅसवर स्वयंपाकाला वेळ लागतो ही जी तक्रार सर्रास ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा या जेटमध्ये किंवा वर्षानुवर्षे न घासलेल्या बर्नरमध्ये असते. जेट आणि बर्नर ठीक असतील तर मिळणारी आच टाकीइतकीच असायला हरकत नाही.

तरीही ज्योतीची जात वेगळी आहे, आणि हे भाकरीवर लगेच कळते. आमच्याकडे थंडीत रोज बाजरीची भाकरी असते. तव्यावर दोन्ही बाजू झाल्यावर तवा बाजूला करून भाकरी थेट आचेवर धरायची आणि ती टम्म फुगली की उतरवायची, ही आईची पद्धत. टाकीवर ज्योत आखूड आणि टोकदार होती, भाकरी मध्ये आधी फुगायची आणि कड मागाहून. पाइपच्या गॅसवर ज्योत जरा उंच आणि मऊ असते; सुरुवातीला कडेला डाग पडायचे आणि मध्ये कच्चे राहायचे. आईने मोठ्या बर्नरऐवजी मधला बर्नर घेतला, भाकरी थोडी वर धरून फिरवायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. दूध उतू जाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गॅस सारखेच निष्ठुर आहेत.

थंडीचा विषय निघालाच आहे तर टाकीचा एक दोष नोंदवायला हवा. टाकीतील द्रवाची वाफ होऊन तो शेगडीपर्यंत येतो आणि हवा गार असली की ही वाफ कमी होते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये पारा उतरला की टाकी संपत आल्यावर पहाटेची आच मंदावते. पाइपमध्ये वायू वायूच्याच रूपात येत असल्याने हा त्रास होत नाही. वीज गेली म्हणून पाइपचा गॅस बंद पडत नाही, हेही अनेकांना माहीत नसते.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत, ओट्याखाली साचून राहतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो आणि वरून वाट असेल तर बाहेर पडतो. घरात दाबाखालचा मोठा साठाही राहत नाही. हे फायदे खरे आहेत. पण वरून वाट असेल तर, ही अट त्यातली महत्त्वाची आहे. हल्ली स्वयंपाकघराच्या खिडक्यांना वरपासून खालपर्यंत सरकत्या काचा असतात आणि झरोके बुजवून तिथे कपाटे केलेली असतात. अशा घरात पाइपचा गॅस घ्यायचा असेल तर आधी छताजवळ हवा जाण्याची सोय करावी. दोन्ही वायूंना मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. तो वास आला की दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता आधी झडप फिरवावी आणि खिडक्या उघडाव्यात. गावाला जाताना मीटरजवळची झडप बंद करण्याची सवयही लावून घ्यावी.

गॅस गिझरचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावला की प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो की वास नसतो, आणि आत असलेल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. पाइपचा गॅस आला म्हणून हा धोका टळत नाही. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या जागी असेल तरच तो जोडावा, आणि टाकीवर चालणारा जुना गिझर तसाच पाइपला जोडू नये.

मीटर आणि बिल यांबद्दल थोडक्यात. मीटरवर काळ्या रंगातील आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे दशांश. बिलासाठी काळे आकडेच महत्त्वाचे. बिल दोन महिन्यांनी येते. ज्या घराला एक टाकी दीड महिना पुरत होती त्या घराचा दोन महिन्यांचा वापर २४ घनमीटरच्या आसपास यायला हवा, त्यापेक्षा फार जास्त आकडा दिसला तर मीटरचा फोटो काढून विचारणा करावी. वाचन न घेता अंदाजाने आकारणी झाली असेल तर बिलावर तसा उल्लेख असतो, तो शोधून पाहावा. परत मिळणारी अनामत रक्कम किती, परत न मिळणारे शुल्क किती, ठरावीक लांबीपेक्षा जास्त पाइप लागला तर त्याचा दर काय आणि वापर शून्य असला तरी काही किमान आकार लागतो का, या चार गोष्टी अर्जावर सही करण्याआधी लेखी मागाव्यात.

आता ज्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त विचार केला त्याकडे येतो. टाकी ज्या एजन्सीकडून येते तिचे काम पसंत नसेल तर जोडणी दुसऱ्या एजन्सीकडे हलवता येते. ही सोय देशभर २०१३-१४ मध्ये सुरू झाली आणि ती फार कोणी वापरत नसले तरी आपण वापरू शकतो याची जाणीव एजन्सीवाल्याला असते. पाइपच्या गॅसला असा पर्याय नाही. २००६ च्या कायद्याने स्थापन झालेले पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ एका भौगोलिक क्षेत्रात शहर गॅस वितरणाचे अधिकारपत्र एकाच कंपनीला देते, कारण एका रस्त्याखाली दोन-दोन कंपन्यांच्या नळ्या टाकणे परवडणारे नसते. म्हणजे पुरवठादार बदलण्याचा आपला जो काही अधिकार होता तो आपण या एका बदलात खर्च करून टाकतो. दर वाढला, तक्रार पडून राहिली, तर दाद मागायला कंपनीचे तक्रार निवारण, नियामक मंडळ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. पण उठून दुसऱ्या दुकानात जाण्याचा मार्ग राहत नाही. माझ्या मते बचतीच्या रुपया-दोन रुपयांपेक्षा याचाच विचार प्रत्येकाने अधिक करावा. आम्ही तो करूनही पाइपचीच बाजू घेतली, कारण आमच्या घरात आईची सोय ही जड बाजू होती. दोन तरुण माणसांच्या, भाड्याच्या घरात मी कदाचित टाकीच ठेवली असती.

नाशिकपुरती आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर रस्ते, मलवाहिन्या आणि जलवाहिन्या यांची कामे निघतात, आणि जिथे जेसीबी चालतो तिथे जमिनीखालच्या नळीला धक्का लागण्याची भीती असते. नळी कुठून गेली आहे ते दाखवणारे खांब आणि पाट्या रस्त्याकडेला असतात. आपल्या गल्लीत खोदकाम सुरू झाले की कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवणे हे सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी आपले काम समजावे. नळी दुरुस्त होईपर्यंत पुरवठा थांबतो आणि त्या वेळी घरात टाकी नसते, म्हणून आम्ही एक इंडक्शन शेगडी घेऊन ठेवली आहे. ती वर्षातून क्वचितच लागावी, पण असावी.

टाकी परत करण्याचे काम लोक लांबणीवर टाकतात. पाइपची जोडणी सुरू झाली की टाकीची जोडणी परत करणे अपेक्षित असते. त्यासाठी टाकीची जोडणी घेताना मिळालेले मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर, टाक्या आणि रेग्युलेटर घेऊन एजन्सीत जावे लागते आणि व्हाउचरवर छापलेली अनामत रक्कम परत मिळते. इथे अपेक्षा बेताची ठेवावी. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या टाकीची अनामत १,४५० वरून २,२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० वरून २५० रुपये, पण ज्यांची जोडणी जुनी आहे त्यांना त्या काळी भरलेलीच रक्कम मिळते, आणि उद्या पुन्हा टाकी घ्यावीशी वाटली तर भरावी लागते ती त्या दिवशीच्या दराने. व्हाउचर हरवले असेल तर एजन्सीत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे अर्ज करण्याआधीच कपाटातील कागद चाळून पाहावेत. जोडणी बंद केल्यावर एजन्सी टर्मिनेशन व्हाउचर देते. नोकरीत बदली होऊन पाइप न पोहोचलेल्या गावी जावे लागले तर तिथे जोडणी घेताना तेच दाखवावे लागते, म्हणून ते घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये लावून ठेवावे.